सर्व्हरपुढं नारळ

"सर्व्हरलेस मंजी सर्व्हरच न्हाय? मग आमचा ऊस कुणाच्या डोक्यावर ठेवणार, मॅडम?" कारखान्याचे शेतकी अधिकारी आबा म्हणाले. मीटिंगमधले सगळे हसले.

मी बारामतीत नकाशांचं काम करते. आमच्याकडच्या एका साखर कारखान्याला बारामती-इंदापूरमधल्या उसाच्या प्लॉटचे नकाशे आणि लागणीच्या तारखा एकत्र हव्या होत्या. याला जीआयएस म्हणतात. लागणीच्या तारखेवरून तोडणीची पाळी लागते.

"सर्व्हर असतो आबा, पण दुसऱ्याकडं. सांभाळायची कटकट त्यांची. आपण लागेल तेवढाच वापरायचा."

"आपला डेटा आपल्या आवारात पायजे. शेजारच्या कारखान्याला कळला मंजी?"

शेतात रेंज नसते, हेही खरं होतं. आणि मला ते काम हवं होतं. मी मान डोलावली. कारखान्याच्या ऑफिसात सर्व्हर बसला. वर मीच शहाणपणा केला, "आता कागदी नोंदवही बंद करा. दुबार काम कशाला?"

खंडेनवमीला ऑफिसातल्या हत्यारांची पूजा मांडली. मोजणीचे टेप, जीपीएस, मधोमध सर्व्हर, शेजारी बॅकअपची डिस्क. मीही हात जोडून उभी होते. आबांनी हौसेनं सर्व्हरपुढंच नारळ फोडला. पाणी आत गेलं, डिस्कवरही सांडलं. कुणीतरी वरवर पुसून लगेच चालू केलं. संपलं सगळं. पुण्याला रिकव्हरीला पाठवलं, काही निघालं नाही. मी ऑफिसातच रडले.

पुन्हा गावोगाव नोंदी घेतल्या. जो तो म्हणे, माझी लागण सगळ्यांच्या आधीची. अखेर वरून ठरलं, नव्या नोंदीच्या क्रमानं पाळी. सणसरला आमची टीम सगळ्यात शेवटी पोचली.

तिथं मुलाणी तात्यांचा ऊस सतरा महिने उभा होता. तुरे आलेले, आतून पोकळ पडत चाललेला. आणि पाळी थेट सीझनच्या शेवटी.

"तारीख तुमच्याच माणसाला सांगितली व्हती," तात्या म्हणाले. "आता मलाच पुरावा मागता व्हय?"

त्यांची पाळी बदलावी म्हणून मी तीनदा आबांकडं गेले. "एकाची बदलली तर सगळं गाव हितं येऊन बसंल," ते म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

जानेवारीत एका दुपारी तात्यांचा फोन आला, फड पेटलाय. जळका ऊस लवकर खराब होतो, म्हणून कारखाना पाळी मोडून तो आधी तोडतो. मी पोचले तेव्हा तात्या बांधावर बसले होते. हातावरचे केस होरपळले होते.

"तात्या, कशानं लागली?"

"तार तुटली आसं लिवा." त्यांनी मान वर केली नाही. "तुमच्या मशिनीत तेवढं तरी राहील न्हवं?"

त्या प्लॉटवरून विजेची तार जातच नाही. नकाशा मीच काढला होता. मी लिहिलं, 'तार तुटली'. दुसऱ्याच दिवशी तोडणीची टोळी आली.

आता कारखाना सर्व्हरलेसवर आहे. छान चालतं. दुसरे कारखानेवाले मला विचारायला येतात, मॅडम, लोकल घेऊ की सर्व्हरलेस? मी म्हणते, काहीही घ्या, पण नोंद झाली की शेतकऱ्याच्या हातात कागद द्या.

"ते बघू नंतर," म्हणतात.