बेसिनवरचं ध्येयधोरण

दोन कागद दोन चौकटींत घालायचे, एवढंच काम होतं. पण कारकुनाने घोळ घालायचा तो घातलाच. औषध कंपनीचं ध्येय, मूल्यं आणि जागतिक धोरण सोनेरी चौकटीत घालून स्वागतकक्षात लावायचं होतं. कपडे बदलायच्या खोलीतले नियम प्लॅस्टिकच्या चौकटीत, हात धुवायच्या बेसिनवर. त्याने घाईत कागदांची अदलाबदल केली आणि चौकटी लागल्यावर मान वर करून पाहायचे कष्टही घेतले नाहीत.

आठ महिने कंपनीचे पाहुणे गुबगुबीत सोफ्यावर बसून सोनेरी चौकटीतलं 'नखं कापा, अंगठ्या काढा, गोळ्यांकडे तोंड करून शिंकू नका' वाचत होते. कुणी हूं की चूं केलं नाही. एकाने तर "किती थेट विचार!" म्हणून फोटो काढला. कारकुनाला चूक तिसऱ्याच दिवशी कळली होती. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो गप्प बसला.

बेसिनवरचा कागद मात्र एक बाई रोज वाचायची. पॅकिंग लाइनवरची तपासनीस. तोंडावर तिला सगळे ताई म्हणत, पाठीमागे भिंग. बावीस वर्षं गोळ्यांच्या पाकिटांवरचे बॅच नंबर आणि मुदतीच्या तारखा तपासून आता तिला छापलेलं काहीही न वाचता सोडवत नसे. "आमची लग्नपत्रिका हातात पडली तेव्हाही हिने आधी मुदत कधी संपते ते पाहिलं," असं तिचा नवरा सांगायचा.

ध्येयधोरण लिहिलंय म्हणजे ते पाळायचं असतं, असं वाटणारी कंपनीत ती एकटीच. 'प्रत्येक आवाजाला मान' वाचून तिने मीटिंगमध्ये सफाईवाल्या काकांना बोलायला लावलं; ते पाऊण तास बोलले. 'जगाच्या कानाकोपऱ्यापर्यंत' वाचल्यापासून ती माल चढवणाऱ्या मुकादमाला रोज विचारी, "आजची खोकी कुठं चाललीत? तिथं ऊन फार आहे का?" मुकादम वैतागून म्हणे, "ताई, मला फाटकापर्यंतचं विचारा." आणि 'रुग्ण सर्वप्रथम' म्हणजे कोण, तर तिच्या सासूबाई. त्या याच कंपनीची रक्तदाबाची गोळी घेत आणि पाकीट खिडकीपाशी धरून तारीख वाचत.

मुख्य कार्यालयातल्या मोठ्या बाई पाहणीला आल्या, नेमका त्याच दिवशी परदेशचा माल चारच्या आत निघायचा होता. अकराला ताईने लाइन थांबवली.

मॅनेजर धावत आला. "आता काय झालं?"

"तारीख फिकी उमटतेय, साहेब."

"यंत्र पास करतंय ना?"

"यंत्राला कुठं रक्तदाब आहे? माझ्या सासूबाईंना हे वाचता यायचं नाही."

"तुमच्या सासूबाई परदेशात राहतात का?"

"तिथं कुणाच्या तरी असतीलच की!"

मोठ्या बाई मागेच उभ्या होत्या. मॅनेजरचे कान लाल झाले. "कुणाला विचारून थांबवलीत? उद्यापासून गोदामात जाऊन खोकी रचा!"

"बेसिनवर लिहिलंय तसं केलं, साहेब."

सगळी वरात बेसिनपाशी गेली. आपल्याच कंपनीचं जागतिक धोरण, साबणाच्या वर, शिंतोड्यांसकट, मोठ्या बाईंनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. मग वळल्या. "हे इथं कुणी लावलं?"

कारकून वरातीच्या मागच्या टोकाला सरकला. ताईने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. दोन्ही कागदांच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात, टाइप करणारा म्हणून, त्याचं नाव होतं, आणि मुंगीएवढं अक्षर ताईने वाचलं नाही असं कधी झालंय?

"बरोबर जागी लागलंय, बाई," ती म्हणाली. "इथं प्रत्येक जण दिवसातून चारदा हात धुतो. पुढे स्वागतकक्षात कोण थांबून वाचतंय?"

मोठ्या बाई हसल्या नाहीत. फिकं पाकीट उजेडात धरून त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, पुन्हा वर केला, आणि शाईची फीत बदलायला सांगितलं. माल दुसऱ्या दिवशी गेला. ताई लाइनवरच राहिली, कागद बेसिनवर. सोनेरी चौकटीचं कुणाच्या लक्षात आलं नाही; ती अजून पाहुण्यांना शिंकू नका म्हणतेय.

"ताई, उपकार कसे फेडू?" कारकुनाने विचारलं.

"उपकार राहू देत. गोळ्यांच्या खोक्यातलं ते माहितीपत्रक मोठ्या अक्षरात टाइप करून दे सासूबाईंना."

त्याने पुढची बाजू लगेच करून दिली. मागची, दुष्परिणामांची, राहिली. आज करतो, उद्या करतो. ताई तगादा लावत नाही. येता-जाता फक्त सांगते, "सासूबाई विचारत होत्या रे, गोळी पोटात गेली, मग पुढे काय झालं?"