टाकेवालीचं द्वाड गिऱ्हाईक

जहाजावर सगळे तिला टाकेवाली म्हणत. खरं नाव विचारायची कुणाला गरजच पडली नाही. ज्वालामुखीतून वर आलेल्या लांबच्या बेटांभोवती ते जहाज पाहुण्यांना फिरवायचं. पाहुणे रबरी पोशाख चढवून पाण्यात उतरायचे, समुद्रसिंहांबरोबर पोहायचे आणि काळ्या खडकांवर गुडघे घासून पोशाख फाडून आणायचे. तळमजल्यावर, इंजिनाला लागून असलेल्या बिनखिडकीच्या खोलीत बसून टाकेवाली ते शिवायची.

समुद्रसिंह तिनं पाहिला नव्हता असं नाही. धक्क्यावर ऊन खात पसरलेला असायचा, भिजल्या गोणपाटासारखा, मिशा तेवढ्या हलत. पण पाण्यात म्हणे तो निराळाच असतो. पाहुणे सांगायचे, ती ऐकायची नि सुईत दोरा ओवायची.

ही तिची शेवटची फेरी. ती आणि तिचा नवरा, जहाजावरचाच आचारी, आता लेकीकडे राहायला जायचे होते, आणि लेकीच्या गावाला समुद्र सोडा, धड ओढासुद्धा नाही. आत्ता पाहिला नाही तर तो पाण्यातला समुद्रसिंह राहिलाच.

अडचण एवढीच, की तिच्या घेराचा पोशाख जहाजावर नव्हता. मग तिनं टाकून दिलेल्या पोशाखांचे धड तुकडे जमवले. पाठ काळी, बाह्या निळ्या, एक पाय हिरवा, एक लाल.

आचाऱ्यानं ते पाहून पळी खाली ठेवली. "अगं, मासे पळून जातील."

"जाऊ देत. मला कुठे तळायचेत, तुमच्यासारखे."

"लहानपणी तळ्यात पोहलीस ती शेवटची. आठवतं का काही?"

"तळं विसरलं असेल. मी नाही विसरले."

पाहुण्यांना पाण्यात नेणाऱ्या गाइडबाईनं तिच्यासाठी कप्तानाची परवानगी काढून ठेवली होती. पाहुणे वर आल्यावर ती म्हणाली, "चला मावशी, आता तुमची पाळी. आपण त्यांना हात लावायचा नाही. ते आले तर येऊ द्यायचं."

पाणी बर्फासारखं होतं. टाकेवालीनं डोळ्यांवरच्या काचेतून खाली एकदा पाहिलं, तर तळच दिसेना. डोकं वर काढून तिनं गाइडबाईचा दंड धरला. "मला वर घे बाई."

वर कठड्याशी आचारी उभा होता. आता हा टोमणा मारणार, म्हणून तिनं तिकडे मान वळवली, तर तो कठड्यावरून अर्धा वाकलेला. हातातलं फडकं नुसतं पिळत होता, कोरडंच. याची तर माझ्याहून गाळण उडालीय, असं तिच्या मनात आलं, आणि त्याला धीर यावा म्हणून तिनं पुन्हा तोंड पाण्यात घातलं.

तोच एक लहान समुद्रसिंह आला. गोणपाट कुठलं, रेशमाचा तागा उलगडावा तसा. तिच्याभोवती गिरकी घेतली, उलटा झाला, नाकातून बुडबुडे सोडले. मग लाल पायाकडे वळला. उतरायच्या घाईत घोट्याशी शिवणीला गाठ मारायची राहिली होती आणि दोऱ्याचं टोक लोंबत होतं. त्यानं ते दातांत धरलं नि ओढलं. शिवण टपाटप उसवत गुडघ्यापर्यंत आली. टाकेवालीला इतकं हसू आलं, की नाकातोंडात पाणी गेलं.

दोरा सोडून तो पसार झाला. गाइडबाईनं दोरा गोळा केला. "त्याच्या पोटात गेला असता तर पंचाईत होती, मावशी."

वर आल्यावर आचाऱ्याला टोमणा सुचला. "शिवण कच्ची निघाली म्हणायची."

"शिवण पक्की होती. गिऱ्हाईक द्वाड निघालं."

संध्याकाळी तिनं तो पाय पुन्हा शिवला. गाठ मारली, वर आणखी एक मारली, दोरा अगदी मुळाशी कापला. दुसऱ्या दिवशी पाहुणे वर येईपर्यंत तिला धीर नव्हता. या वेळी पाण्यात उतरल्यावर तिनं गाइडबाईचा दंड धरला नाही.

गिऱ्हाईक आलं. सरळ लाल पायाशी गेलं, घोटा हुंगला, दुसऱ्या बाजूनं हुंगला. काही मिळेना. मग वर येऊन काचेला नाक लावून तिच्या तोंडाकडे बघत राहिलं, माल नीट मिळाला नाही म्हणून दुकानात परत आल्यासारखं.

कठड्यावर आचारी पोट धरून हसत होता. खाली पाण्यात टाकेवाली हात छातीशी बांधून तरंगत राहिली. लेकीला सांगायला आता तिच्याकडे स्वतःचं काहीतरी होतं.