माझ्या दारात मंगळवार-शुक्रवारचीच गर्दी

गल्लीकरांनो, आज तालमीच्या फळ्यावर सुविचार न्हाय, माझा संताप वाचा.

शाळेतली नोकरी सोडून मी समुपदेशन शिकले. मनानं खचलेल्यांजवळ बसायचं, हे अंबाबाईपुढं ठरवलं. तेवढं चारचौघांत बोलले आणि फसले! लोकांना वाटतंय, माझ्या अंगात येतंय. मंगळवारी, शुक्रवारी रांग, बाकीच्या दिवशी मी माशा मारत बसते.

आज मंगळवार. एका खेड्यातनं एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. हातात नारळ, लिंबू.

"शुक्रवारच्या रातीपासनं जेवत न्हाय, बोलत न्हाय."

"मग लगेच का आणलं न्हाय?"

"देवीचा वार नव्हता की, बाई!"

मी कपाळाला हात लावला. सासूबाईंना बाहेर बसवलं. तवा सून बोलली, "शनिवारी जीव द्यायला विहिरीवर गेलते. धारेची वेळ झाली, म्हस हंबरायला लागली, म्हणून माघारी आले."

तिला विचारूनच हे लिहितेय. उद्या ती परत येणार हाय. बुधवारी!

लोकहो, देवीनं मला काम दिलंय, वार न्हाय. त्या म्हशीनं हाक मारताना वार बघितला हुता का? मग तुम्ही कशाला बघताय?