संध्याकाळचं सूप

एकोणतीस वर्षं त्यानं बसमध्ये लोकांची तिकिटं तपासली, त्यामुळे सगळे त्याला तपासनीसच म्हणायचे, घरातसुद्धा. फुकट्या माणूस आधी खिसे चाचपतो आणि मग खिडकीबाहेर बघतो, हे त्याला पाठ होतं.

त्याचं आतड्यांचं दुखणं जुनं. वर्ष-दोन वर्षं गप्प बसायचं आणि मग उसळायचं. या खेपेला रक्त पडायला लागलं, दिवसाला संडासाच्या पंधरा-सोळा फेऱ्या व्हायला लागल्या, आणि एका थांब्यावर तो बसमधून उतरला तो मटकन खालीच बसला. रुग्णालयात पलंगाच्या पायथ्याशी पिवळं कार्ड लागलं : दूध नाही, साली-बिया नाहीत, तिखट-तेलकट नाही. सकाळी भाताचं पाणी, दुपारी आणि संध्याकाळी बटाट्याचं पातळ सूप. शेजारच्या पलंगावरचा शिंपी केळं सोलायचा तेव्हा तपासनीस भिंतीकडे तोंड करून पडायचा.

पण गुण आला. पाचव्या दिवशी फेऱ्या चारवर आल्या. सहाव्या दिवशी सकाळी पुन्हा नऊ.

डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, त्याच्या मुलीएवढ्या. "काका, बाहेरचं काही खाल्लंत?"

"नाही."

"खरं सांगा. मी रागावणार नाही."

हे वाक्य त्यानं स्वतः हजार वेळा वापरलं होतं. पुढची पायरी काय असते तेही त्याला माहीत होतं : समोरचा काहीही म्हणाला तरी आपण मान हलवायची आणि वहीत लिहायचं. बाईंनी मान हलवली आणि लिहिलं.

बायकोनं तर कमालच केली. उशी उचलून पाहिली, खण उघडला, मग म्हणाली, "अहो, तोंड उघडा बघू."

"वेड लागलंय का तुला?"

"वास घेऊ दे."

त्यानं तोंड उघडलं. बायकोनं वास घेतला, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. शिंप्याकडे बघून तिनं विचारलं, "तुम्ही यांना केळं दिलंत का हो?" शिंपी तीन दिवस तिच्याशी बोलला नाही.

मग तपासनिसानं स्वतःच तपास हातात घेतला. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहायला लागला : काय खाल्लं, कधी खाल्लं, पोट कधी बिघडलं. तीन दिवसांत चित्र दिसलं. दुपारचं सूप निरुपद्रवी होतं. संध्याकाळच्या सुपानंतर दोन तासांत मुरडा यायचा, पोट ढोलासारखं फुगायचं. मनात पाल चुकचुकली. जेवणाची ट्रॉली आणणारी मावशी दुपारी आणि संध्याकाळी एकच होती, पण संध्याकाळी ती जरा घाईत असायची. संशयाला तेवढं पुरलं.

"मावशी, सुपात काय मिसळता?" त्यानं सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं.

मावशीच्या हातातली वाटी तशीच राहिली. "मी? साहेब, मी फक्त ढकलते आणि वाढते." तिनं त्याच वाटीतून चमचाभर सूप घेऊन सगळ्यांसमोर प्यायलं. "बघा. यात मीठसुद्धा धड नाही."

ती निघून गेली. तेवढ्यात त्याची थोरली बहीण, ताई, आली. पाचव्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी यायची. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. ताईनंच त्याला वाढवलं. तो हात धुऊन आला आणि निमूटपणे सूप प्यायला. रात्री पुन्हा मुरडा.

दुसऱ्या संध्याकाळी मावशी रिकाम्या वाट्या उचलताना थांबली. त्याचं सूप अर्धं शिल्लक होतं. तिनं बोट बुडवून चाखलं आणि हळूच म्हणाली, "साहेब, यात दूध आहे. मी वाढलं तेव्हा नव्हतं."

चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार आपल्याच हातून झाला, हे त्याला कळलं. आणि उरलेलं नाव मनात यायला नको होतं, तेही आलं.

पुढच्या दिवशी सूप आल्यावर तो डोळे मिटून पडला. ताईनं पर्स उघडली. कागदाची पुडी निघाली. पांढरी पूड वाटीत पडली, चमचा बेतानं फिरला.

"ताई."

तिनं आधी पर्स चाचपली, मग खिडकीबाहेर बघितलं.

"अरे, दुधाची पावडर आहे नुसती. विष नाही."

"कार्डावर काय लिहिलंय?"

"लिहितील काहीही! दहा दिवसांत तुझी हाडं वर आली. पाण्यावर माणूस जगतो का? मला यांचाच संशय येतोय. मुद्दाम उपाशी ठेवतात."

"मला रक्त पडतंय, ताई. डॉक्टर उद्यापासून जबर इंजेक्शनं सुरू करणार आहेत. तुझ्या पुडीमुळं."

चमचा अजून ताईच्या हातातच होता.

डॉक्टरीणबाईंना सांगावं की झाकावं, यावर तो तासभर विचार करत राहिला. शेवटी सांगितलं. बाईंनी आधीची नोंद खोडली आणि "माफ करा, काका," म्हणाल्या. इंजेक्शनं पुढं ढकलली. मावशीची माफी त्यानं मागितली तेव्हा तिनं वाटी जरा आदळूनच ठेवली, पण ठेवली.

ताई दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती थेट पलंगाशी, आणि पर्स चादरीवर उलटी केली. कंगवा, चष्मा, किल्ल्या, रुमाल.

"हे कशाला, ताई? ठेव ते," तो शरमून म्हणाला. पण त्याची नजर सगळ्या वस्तूंवरून एकदा फिरलीच, आणि ते दोघांनाही कळलं.

ठरलेल्या अकराव्या दिवसाऐवजी सोळाव्या दिवशी तो घरी आला. महिनाभराच्या पथ्याची यादी बायकोनं मोठ्यानं वाचली. पांढरा भात, सोललेला बटाटा, उकडलेलं अंडं. दूध बंद.

"दहीसुद्धा?" ताईनं विचारलं.

"दहीसुद्धा."

"आणि चहात चमचाभर?"

बायकोनं तपासनिसाकडे पाहिलं. मग ती उठली आणि दुधाचं पातेलं तिनं स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, ताईचा हात पोचणार नाही अशा जागी, सरकवून ठेवलं.