तळव्यांवरून संघ ओळखणारी यार्मिला

यिहलावा शहरात राष्ट्रीय संघावरून एकमत होणं अवघड. बिअरचा दुसरा ग्लास समोर आला की वाद सुरू: सत्तरच्या दशकातला संघ भारी, परदेशी क्लबांत खेळून परतलेल्यांचा भारी, की आताच्या पोरांचा? यार्मिला व्रबकोवा त्यात तोंड घालत नसे. तिच्यापुरता निकाल कधीच लागला होता. बर्फावरच्या हॉकीचे जाड हातमोजे असतात, त्यांचा तळवा, म्हणजे तळहाताकडचं कातडं, आधी फाटतं. संघाच्या मोज्यांना नवे तळवे शिवण्याचं काम ती चव्वेचाळीस वर्षं करत होती.

मोज्यांचं पोतं यायचं. ती जुना तळवा उसवायची, तोच नव्या कातड्यावर ठेवून बेतायची, शिवायची, पोतं परत जायचं. खेळाडूंपैकी एकालाही ती भेटली नव्हती. तरी झिजलेल्या कातड्यावरून तिने त्यांना पुरतं ओळखलं होतं. पहिली पिढी घट्ट पकडीची. त्यांचे तळवे घामाच्या मिठाने पांढरे पडलेले, आणि भोक अंड्याएवढं झाल्याखेरीज ती माणसं मोजा दुरुस्तीला देत नसत. दुसरी पिढी हुशार आणि लबाड. त्यांचे तळवे झिजलेले नसत, मुद्दाम ब्लेडने कापलेले असत. उघड्या बोटांनी समोरच्याचा सदरा धरला की पंचाला दिसत नाही. आताची पिढी उधळी. महिना झाला की मोजे टाकून नवे.

या हिवाळ्यात संघाचं सामान सांभाळणाऱ्या रादिमने फोनवर तेच सांगितलं. खोक्यांतून नवे मोजे येतात, शिवत कोण बसणार? पण क्रिश्तोफ नावाचा एक पोरगा हट्ट धरून बसला होता. सहा सामन्यांत त्याचा एक गोल नव्हता आणि नवे मोजे परके वाटतात, असं त्याचं म्हणणं. गेल्या वर्षी यार्मिलाने शिवलेली जोडी त्याने फाटेपर्यंत वापरली होती. ती एक जोडी कर, रादिम म्हणाला. शनिवारच्या सामन्यात जमलं तर पुढचं बोलू, नाहीतर काम थांबलं असं समज.

गुरुवारी सकाळी क्रिश्तोफ स्वतःच ती जोडी घेऊन आला. दारात बूट काढून त्याने यार्मिलाच्या नवऱ्याच्या, विलेमच्या, सपाता घातल्या. टाचा निम्म्या बाहेर.

"आमच्या वेळचे गडी दात पडले तरी गोल करायचे," विलेम म्हणाला. "तू दात सांभाळलेस आणि गोल विसरलास."

"पुढचे दोन प्लास्टिकचे आहेत, विलेमकाका."

यार्मिलाने तळवा उजेडात धरला. मनगटाजवळ आरपार गेलेला. म्हणजे पोरगा जोर लावून धरतो, जुन्यांसारखा. तिला बरं वाटलं. जुन्या खेळाडूंसाठी आणलेल्या सांबराच्या जाड कातड्याचा एक तुकडा तिने जपून ठेवला होता. तो काढला. दोन वाजेपर्यंत दोन्ही मोजे तयार झाले. क्रिश्तोफने ते घातले, मुठी वळल्या आणि छान झालेत म्हणाला. फार पटकन म्हणाला.

"स्टिक घेऊन दाखव," ती म्हणाली.

त्याने दाराशी टेकवलेली स्टिक घेतली. खालचा हात नुसता टेकलेला. वरचा हात मात्र कुलपात किल्ली फिरावी तसा फिरू पाहत होता आणि जाड कातडं त्याला फिरू देत नव्हतं. यार्मिलाने बाल्कनीतून विलेमची जुनी लाकडी स्टिक आणून त्याच्या हातात दिली. क्रिश्तोफने ती एकदा तोलली.

"एवढ्या जड स्टिकने खेळायचे जुने लोक? मग घट्ट धरण्यावाचून इलाज काय होता त्यांना?"

विलेम काही बोलायच्या आत ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी माणसांचा स्वभाव म्हणून जे वाचलं, त्यातलं निम्मं लाकडाचं वजन होतं."

कबुली देताना तिचा आवाज जराही पडला नाही. चुकीचा टाका उसवावा तशी ती ते बोलली आणि वरच्या हाताचा मोजा पुन्हा उसवायला घेतला. क्रिश्तोफची चारची गाडी होती. या वेळी जुना तळवा बेतायला घेतलाच नाही. क्रिश्तोफचा पंजा कागदावर ठेवून, मनगट फिरवायला लावून तिने रेघ ओढली आणि शेळीचं पातळ कातडं थोडं सैल कापलं. तोवर क्रिश्तोफने शेपूच्या सॉसमधले विलेमच्या वाटणीचे उकडलेले पिठाचे गोळे संपवले. खालच्या हाताचं जाड कातडं तिने तसंच ठेवलं. एकाच जोडीत दोन तऱ्हेचे तळवे तिने आजवर शिवले नव्हते.

शनिवारीही क्रिश्तोफचा गोल झाला नाही. दोन गोल त्याने दिलेल्या पासांवर झाले. विलेमला ते पुरेसं वाटलं नाही. आमच्या वेळी पास देणाऱ्याचं नावही कुणी घेत नसे, असं तो दोनदा म्हणाला. यार्मिला टीव्हीवर बर्फावरच्या चकतीकडे पाहतच नव्हती. वरचा हात मोकळा फिरत होता, तेवढं तिने पाहिलं आणि उठून भांडी घासायला गेली.

सोमवारी रादिमचा फोन. आणखी पाच जणांना तसले तळवे हवेत, पोतं पाठवतो.

"पोतं नको, माणसं पाठव," ती म्हणाली. "हात पाहिल्याशिवाय मी आता कातडं कापणार नाही."

राष्ट्रीय संघाचे खेळाडू असे गाडीत बसवून पाठवता येत नाहीत, असं रादिम कुरकुरला. गाड्या दिवसभर असतात, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

गुरुवारी पाचांपैकी तिघे आले. आधी कोण, यावरून त्यांची जिन्यातच जुंपली होती. पहिला आत आला तो मोजा पुढे करतच. तिने तो बाजूला ठेवला आणि त्याचा उघडा तळहात खिडकीपाशी नेला.