दोनदा आलेली हाक

काजवाल्या काकूंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती कुठल्या दुकानात मिळत नव्हती. देवाने आपल्याला एकदा हाक मारावी. बस्स. चमत्कार नको, दर्शन नको, नुसती हाक.

आता प्रार्थना-मंडळातल्या बाकीच्या बायका काय कमी मागायच्या? कुणाला मुलाची नोकरी, कुणाला सुनेची अक्कल. आणि मिळायचंही हो! दर आठवड्याला कुणीतरी उभं राहून साक्ष द्यायचं, "प्रभू माझ्याशी बोलला." चांभाराच्या बायकोशी तर तो भाजी चिरताना बोलायचा. काकू टाळ्या वाजवायच्या, हालेलुया म्हणायच्या आणि घरी येऊन गप्प बसायच्या. चाळीस वर्षं गुडघे टेकले, पण आवाज आला तो फक्त गुडघ्यांचाच.

काकू शिंप्यांसाठी हाताने काजं भरायच्या. शर्टाला पुढे सात, कफांना दोन. एका काजाला एक नाव, असा त्यांचा नेम. कापडाला चीर दिली की नाव घ्यायचं, कड भरून होईपर्यंत त्या माणसासाठी प्रार्थना करायची, गाठ मारली की आमेन. आजारी, कर्जबाजारी, रुसलेले, सगळे त्या शर्टांत गुंफले जायचे. नवरा म्हणायचा, "अर्धं शहर तुझ्या प्रार्थना अंगात घालून फिरतंय आणि त्यांना पत्ताच नाही."

नवरा कारखान्यात फिटर होता, आणि सगळे त्याला फिटरच म्हणायचे. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा, उपदेश सुरू झाला की डुलक्या घ्यायचा. काकूंच्या हट्टाची थट्टा करायचा. "देव बोलेल गं, पण तू त्याला मध्ये बोलू तरी देशील का?" काकू चिडायच्या, मग हसायच्याही. अडतीस वर्षांचा संसार असाच चालला होता.

मग फिटरला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा बसली. एवढा बोलघेवडा माणूस, पण तोंडातून नुसता श्वास निघायचा. डॉक्टरांनी मान हलवली. डावा हात तेवढा चालायचा, म्हणून काकूंनी त्याच्या हातात एक स्टीलचा चमचा दिला. काही लागलं की तो खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवायचा. पंखा लाव, पंखा बंद कर, उशी वर, उशी खाली. काकूंच्या नाकी नऊ आले. पण चमचा वाजला आणि काकू उठल्या नाहीत, असं दोन वर्षांत एकदाही झालं नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोक भलतंसलतं बोलतात.

मंडळ चालवायच्या मोठ्या ताई, निवृत्त नर्स. एका सभेत त्यांनी बायबलमधल्या, मंदिरात झोपलेल्या मुलाची गोष्ट सांगितली. देव त्याला हाक मारत होता आणि तो बिचारा, मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकानेच बोलावलं समजून, उठून त्याच्याकडे पळत होता. ताई म्हणाल्या, "आपलं हेच चुकतं. हाक देवाची असते आणि आपण माणसाकडे पळतो. यापुढे हाक आली तर पळायचं नाही. जागेवरून हलायचं नाही. म्हणायचं, प्रभू, मी इथेच आहे."

काकूंनी ते मनावर घेतलं. चाळीस दिवस, रोज एक तास, दार लावून प्रार्थना करायची असं ठरवलं. सकाळी फिटरला पुसून, भरवून झालं की त्याचा डोळा लागायचा. तेव्हा काकू मागच्या सामानाच्या खोलीत जायच्या. तिथे पत्र्याच्या पेट्या, मोडकं शिलाई मशीन आणि चिंध्यांचं गाठोडं होतं. त्यात गुडघे टेकण्यापुरती जागा. "अहो, तासभर आत आहे. काही लागलं तर वाजवा हं." फिटर डोळ्यांनीच हो म्हणायचा.

सव्वीस दिवस चमच्याने एकही तास धड होऊ दिला नाही. काकू उठायच्या, काम करायच्या, परत गुडघे टेकायच्या. सत्ताविसाव्या दिवशी मात्र चमचा वाजलाच नाही. घर शांत होतं. काकूंना वाटलं, आज गाढ झोपलेत. मनातली कटकटही हळूहळू थांबली.

आणि हाक आली. "ये."

जाड, खोल, घासल्यासारखा आवाज. काकूंनी असा आवाज आयुष्यात ऐकला नव्हता. घरात तर त्या आणि एक मुका माणूस, दुसरं कोण होतं? सवयीने उजवा गुडघा उचललासुद्धा, दाराकडे जायला. मग ताईंचे शब्द आठवले आणि त्यांनी तो परत टेकला.

थोड्या वेळाने पुन्हा. "ये."

"आले, प्रभू," काकू म्हणाल्या. "मी इथेच आहे." आणि त्या ढसाढसा रडल्या. इतकं सुख त्यांना लग्नात झालं नव्हतं, लेक जन्मली तेव्हाही झालं नव्हतं. तास कधी संपला कळलंच नाही. संपला तशा त्या धावत बाहेर आल्या, कारण हे पहिल्यांदा सांगायचं कुणाला? त्यालाच! "अहो, ऐकलंत का? मला हाक आली!"

फिटरचा चेहरा सामानाच्या खोलीच्या दाराकडे वळलेला होता. डावा हात खाटेखाली लोंबत होता. अंग अजून कोमट होतं. चमचा खाटेखाली पार भिंतीपाशी जाऊन पडला होता.

दफन झालं. लेक आली, आठ दिवस राहून रडून गेली. काकू मात्र ताठ होत्या. लोकांना नवल वाटायचं. त्या सांगायच्या, "देवाने त्यांना नेलं, पण त्याच तासाला मला हाक मारून धीर दिला." त्यांची साक्ष ऐकून भल्याभल्यांचे डोळे भरले. दुसऱ्या चर्चमधून बोलावणी आली. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "आख्ख्या मंडळीत अशी कृपा कुणाला झाली नाही." दुःख होतंच, पण त्याच्याखाली काहीतरी भक्कम होतं आणि काकू त्यावर उभ्या होत्या.

महिन्याने शेजारचा रंगारी परगावचं काम संपवून आला. शिडी भिंतीला टेकवून तसाच काकूंच्या दारात उभा राहिला.

"काकू, मी त्याच सकाळी निघालो होतो. काका गेल्याचं आज कळलं. फार वाईट झालं. निदान शेवटी बोलता तरी आलं त्यांना."

"कुणाला?"

"काकांना! मी माझ्या खिडकीशी दाढी करत होतो, तिथून त्यांची खाट दिसते. त्यांनी मान उचलली होती, आतल्या दाराकडे बघत होते. 'ये' म्हणाले. मग परत एकदा. मी म्हटलं, अरे वा, काकांना वाचा आली! काकूंना किती आनंद होईल! मग शांत झाले, तेव्हा वाटलं, तुम्ही आलात. आला होतात ना?"

काकूंनी दाराची चौकट धरली. रंगाऱ्याला काही कळेना. तो दोनदा "काकू" म्हणाला आणि शिडी घेऊन निघून गेला.

त्या दिवशी शर्ट तसेच पडून राहिले. दोन वर्षं ज्या आवाजासाठी दर शर्टाचं एक काज फिटरच्या नावाने भरलं, तो आवाज आला होता. त्यांनाच हाक मारायला आला होता. चमचा हातातून निसटल्यावर त्या माणसाने कुठून, कसा, किती जोर लावून तो एक शब्द काढला असेल! आणि काकू दहा पावलांवर होत्या. गुडघा उचललाही होता.

रविवारी पाळकसाहेबांनी पाहुण्यांसमोर त्यांना पुन्हा साक्षीला उभं केलं. काकू म्हणाल्या, "मला देवाने हाक मारली नव्हती. माझ्या नवऱ्याने मारली होती. दोनदा. मी गेले नाही." आणि खाली बसल्या. पेटीवाल्याला पुढचं गीत सुरू करावं की नाही तेच समजेना.

संध्याकाळी मोठ्या ताई घरी आल्या. त्यांचं तोंड पार उतरलं होतं. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला. मग चाचरत म्हणाल्या, "तू असं तोडून टाकू नकोस गं. देव माणसाच्या तोंडूनही बोलतो. कुणी सांगावं, मुक्याच्या तोंडून आलेली ती हाक त्याचीच असेल."

काकूंनी हात सोडवून घेतला.

"मग तर ताई, मी दोघांकडेही गेले नाही."