धक्क्यावर काढलेल्या चपला

गोदूआत्यावर अन्याय झाला तो गेल्या माघातल्या पहिल्या रविवारी, सकाळी आठ वाजता, मुंबईच्या धक्क्यावर. हे आधी लिहून ठेवतो. ती मायाळू होती वगैरे लिहायला बाकीचे आहेत.

ती गेल्याची चिठ्ठी मला तीन आठवड्यांपूर्वी जसोंडीच्या सभेत मिळाली. भाषण अर्धं टाकून निघालो… तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

बुऱ्हाणपूरच्या मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. फळ्यावर तापी काढून खडू थेट समुद्रापर्यंत न्यायची, पण समुद्र तिने पाहिलेला नव्हता. एक संस्थान विलीन झालं, तिथल्या राजाचं जुनं शिडाचं जहाज सरकारकडे आलं आणि दर रविवारी उतारूंना फिरवून आणू लागलं. 'राजाचं जहाज आता जनतेचं', अशी जाहिरात. आत्या म्हणाली, "शिडात वारा भरताना बघायचंय मला. चल रे पुढाऱ्या, आणि ती पत्रकं ठेव घरी." मी ठेवली नाहीत.

धक्क्यावर तिने चपला काढून जोडून ठेवल्या. आमच्याकडे तापीच्या नावेत कोणी चपला घालून चढत नाही. नाव म्हणजे तापीमायची मांडी. मी वैतागलो, "आत्या, हे जहाज आहे!"

"मग? मोठी नाव."

मी बुटांसकट वर गेलो आणि पत्रकं वाटू लागलो. विषय: राजे गेले, आता सगळे सारखे.

मागे कारकुनाने तिचे अनवाणी पाय पाहिले. "मोलकरणी खाली, सामानाजवळ." तिने वरच्या मजल्याचं तिकीट दाखवलं. "बाईसाहेबांचं असेल. चल, खोळंबा नको." बाकांवरच्या लोकांनी ऐकलं. एक जण हसला, बाकीचे समुद्राकडे बघत राहिले. हे सारं मला तिच्याकडून नंतर कळलं.

शिडं फुगली, टाळ्या पडल्या… मीही वाजवल्या. पत्रकं संपल्यावर आत्या आठवली. खाली ती पोत्यांमध्ये बसून, मान वर करून, शिडांचा नुसता आवाज ऐकत होती. तिला वर आणलं तेव्हा शिडं उतरवत होते. मी कारकुनावर तुटून पडलो. ती म्हणाली, "आत्ता ओरडतोस होय? चढताना एकदा मागे बघायचं होतंस ना."

तिने सरकारला पत्र लिहिलं: माफी नको, मला एकदा वर बसवून न्या. उत्तर आलं नाही.

त्या चपला तिच्या दाराशी आहेत, अजून जोडूनच. मी दिवसभर आत-बाहेर करतो, त्या हलवत नाही. जहाज मात्र रविवारी सुटतंच. तुम्ही जाल तेव्हा पायातलं धक्क्यावर काढा, अनवाणी वर जा आणि वरच बसा. कोणी खाली जा म्हटलं तर उठू नका. दुसऱ्या कोणाला म्हटलं, तर बसून राहू नका.